थांबणाऱ्यांचीही नोंद व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची बातमी वृत्तपत्रात येते तेव्हा तिचा मथळा बहुधा ठरलेला असतो. अमुक तासांत अमुक किलोमीटर, तेही न झोपता आणि न थांबता. सोबत थकलेल्या पण हसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र असते आणि मजकुरात जिद्द, चिकाटी, अशक्य ते शक्य हे शब्द हमखास येतात. दुसऱ्या प्रकारची बातमी अपघाताची असते, आणि त्या दिवशी हीच माणसे बेजबाबदार आणि घरादाराची पर्वा नसलेली ठरतात. मी अनेक वर्षे लांब अंतरे सायकलने कापत आलो आहे आणि तितक्याच आवडीने इतरांच्या राइडमध्ये कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे वाटेतील नोंदीच्या ठिकाणी, स्वयंसेवक म्हणून रात्री जागलो आहे. या दोन्ही प्रकारच्या बातम्यांत या खेळातील सर्वांत अवघड कौशल्याचा उल्लेख राहून जातो, असे मला मनापासून वाटते. कधी थांबायचे, कधी झोपायचे आणि कधी राइड सोडून द्यायची, हे ओळखण्याचे ते कौशल्य. स्वतःची मर्यादा पाहायला निघालेल्या माणसाला ती ओळखताच आली नाही, तर त्याने नेमके काय पाहिले, हा प्रश्न आपल्या वाचकांपुढे यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. ‘ब्रेव्हे’ म्हणजे ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत, बाहेरची मदत न घेता पूर्ण करण्याची राइड. पॅरिसच्या ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ’ या संस्थेच्या नियमांनुसार जगभर अशा राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास अशी कमाल मुदत असते. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यावी लागते, रात्री दिवे आणि परावर्तक जॅकेट सक्तीचे असते, पंक्चर झाले तर ते स्वतःच काढायचे असते. पहिला, दुसरा असे क्रमांक काढले जात नाहीत. मुदतीत पोहोचलेले सगळे सारखेच. याच परंपरेतील सर्वांत मोठी राइड म्हणजे दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, जिच्यात सुमारे १,२०० किलोमीटरसाठी जास्तीत जास्त ९० तास मिळतात. दुसऱ्या टोकाला ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारखी शर्यत आहे. १९८२ साली अवघ्या चार स्वारांनी सुरू झालेल्या या शर्यतीत अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे सुमारे ४,८०० किलोमीटर कापायचे असतात आणि घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही. झोपलात तरी वेळ मोजली जाते. एकट्याने भाग घेणाऱ्यांना साधारण १२ दिवसांची मुदत असते. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ श्ट्रासर यांनी २०१४ मध्ये हे अंतर ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांच्या विक्रमी वेळेत पार केले. हितेंद्र आणि महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाच्या गटात, तर २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि अमित समर्थ यांनी एकेकट्याने ही शर्यत पूर्ण केली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

एवढे कष्ट कशासाठी, असे विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण बक्षीस नाही, क्रमांक नाही आणि बघायला कोणी नाही, अशा ठिकाणी माणूस का राबतो हे बाहेरून कळणे खरोखर कठीण आहे. प्रत्येकाचे कारण वेगळे असते. तरीही गप्पांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. रोजच्या कामात आपण किती कष्ट केले आणि त्यातून काय निघाले याचा हिशोब कधीच नीट लागत नाही. इथे तो किलोमीटरमध्ये आणि तासांत लागतो, आणि त्यात कोणाची शिफारस चालत नाही. शिवाय दीडदोनशे किलोमीटरनंतर मनातली गर्दी कमी होऊ लागते. एरवी दहा दिशांना धावणारे मन पुढचे वळण, बाटलीतले उरलेले पाणी आणि समोरचा चढ एवढ्यावर येऊन थांबते, आणि ही निवांत अवस्था इतकी दुर्मीळ असते की तिच्यासाठी मांड्या भरून येणे आणि तळहात बधिर होणे माणसे आनंदाने सोसतात. शेवटी, आपल्यात किती दम आहे हे एकदा पाहावे ही उत्सुकताही असतेच. आपण सर्वजण आयुष्यभर स्वतःबद्दल काही अंदाज बाळगून असतो, आणि ते तपासून पाहण्याचे प्रसंग सुखवस्तू जीवनात फारसे येत नाहीत.

या खेळात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने दिसतात, यालाही तसेच कारण आहे. वेगाने धाव घेण्याची ताकद वयाबरोबर लवकर ओसरते. सावकाश पण सतत चालत राहण्याची क्षमता त्यामानाने बराच काळ टिकते, आणि आपला जोर बेताने खर्च करण्याची समज तर वयानुसार वाढतच जाते. तरुण स्वार पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये पुढे निघून जातो आणि पहाटे कुठल्यातरी बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला भेटतो, हे दृश्य या खेळात नेहमीचे आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. हे कष्ट ओढवून घेतलेले असतात आणि म्हणूनच त्यांना प्रतिष्ठा आहे. कोणत्याही क्षणी पाय टेकवून ‘आता पुरे’ म्हणता येते, आणि तरीही माणूस ते म्हणत नाही, यात त्याचे मोठेपण आहे. परंतु पुरे म्हणणे लाजिरवाणे ठरले, मित्रमंडळींत मान खाली घालायला लावणारे झाले, तर मग ते कष्ट स्वेच्छेचे राहिले असे कसे म्हणावे? माणूस आपल्या मर्यादेशी झगडत नसतो, लोक काय म्हणतील याच्याशी झगडत असतो, आणि त्या झगड्यासाठी सायकलची गरज नाही.

आता शरीराविषयी. लांब पल्ल्याचा स्वार थकतो म्हणजे त्याचे पाय थकतात, असा समज सर्वसाधारण आहे, पण पाय हे बऱ्याचदा सर्वांत शेवटी हार मानतात. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साठवू शकतात, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी. शरीरातली चरबी मदतीला असली तरी जोर लावून चालवणाऱ्याचा हा साठा काही तासांत तळाला जातो. त्यानंतर सगळे पोटावर अवलंबून असते, आणि आतड्यांतून तासाला सुमारे ६० ग्रॅम ग्लुकोज, फ्रुक्टोजची जोड दिली तर ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदके, एवढेच शोषले जाते. म्हणून अनुभवी स्वार भूक लागण्याची वाट पाहत नाही, घड्याळ पाहून खातो. उन्हात तासन्‌तास सायकल चालवताना नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. त्यामुळे भरपूर पाणी प्या हा सरसकट सल्लाही येथे पुरा पडत नाही. हँडलवर सतत भार पडल्याने करंगळी आणि अनामिका बधिर होतात, आणि हा बधिरपणा काही वेळा राइडनंतर कित्येक आठवडे टिकतो. खूप मोठ्या अंतरांत मानेचे स्नायू इतके शिणतात की डोके वर धरताच येत नाही. या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’ म्हणतात, आणि ते नाव १९८२ च्या त्या पहिल्या चौघांपैकी मायकेल शर्मर यांच्यावरून पडले आहे. या अवस्थेत काहींनी हनुवटीखाली आधार बांधून शर्यत पूर्ण केली आहे. त्यांच्या सोशिकतेपुढे मान तुकवावी तेवढी थोडीच, पण ज्याला समोरचा रस्ता पाहण्यासाठी डोके उचलता येत नाही, त्याने रस्त्यावर असावे का, हा प्रश्न तेवढाच खरा आहे.

मनाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २००९ मध्ये संशोधक सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी झालेल्यांना सायकल चालवण्यापूर्वी ९० मिनिटे बुद्धीला ताण देणारे काम करायला लावले आणि दुसऱ्या खेपेला तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. मग दोन्ही वेळा थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला सांगितले. बुद्धी शिणलेली असताना ती माणसे सुमारे १५ टक्के लवकर थांबली, आणि विशेष म्हणजे हृदय, फुप्फुसे आणि स्नायूंच्या कामात याचे कारण ठरेल असा फरक आढळला नाही. कष्ट तेवढेच होते, फक्त ते जास्त वाटत होते. रस्त्यावर याचा प्रत्यय कोणत्याही रँडोनिअरला, म्हणजे ब्रेव्हे करणाऱ्या स्वाराला, येतो. समोरचा वारा, चुकलेले वळण, दिव्याची संपत आलेली बॅटरी आणि कटऑफचा, म्हणजे मुदत संपण्याचा, हिशोब ही डोक्याची कामे पायांवर भार टाकतात. म्हणून जे लोक ‘सगळे मनावर असते’ असे म्हणतात ते पूर्ण चूक नाहीत. पण या वाक्याचा अर्थ मनाने ठरवले की शरीर ऐकतेच, असा घेतला जातो आणि तिथे घोटाळा होतो. मनसुद्धा थकते, आणि थकलेले मन स्वतःविषयी खरे सांगेल याची खात्री देता येत नाही.

झोपेचा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि या पत्राचा सर्वांत मोठा भाग मी त्यासाठी राखला आहे, कारण आपल्या बातम्यांत ‘न झोपता’ हा शब्दप्रयोग शाबासकीसारखा वापरला जातो. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे डोळे-हात यांच्या समन्वयाचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते, आणि २४ तासांच्या जागरणानंतर ते साधारण ०.१० टक्के मद्य असल्यासारखे होते. पहाटे उठून सहा वाजता राइड सुरू करणारा स्वार दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता अजून सायकलवर असेल, तर त्याला २२ तासांहून अधिक जागरण झालेले असते. त्यात भर म्हणजे पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही सर्वांत खाली असतात. ज्या अवस्थेतील माणसाला आपण गाडीची किल्ली देणार नाही, त्याच अवस्थेतील माणसाचे ‘तो न झोपता आला’ म्हणून आपण कौतुक करतो.

कंट्रोल पॉइंटवर पहाटे येणारी माणसे मी अगदी जवळून पाहिली आहेत. एक स्वार आला, सायकल नीट भिंतीला टेकवली, हसून नमस्कारही केला. कार्डावर वेळ लिहून परत दिले तेव्हा ते प्लास्टिकच्या पाकिटात घालण्यासाठी तो उभा राहिला. कार्ड आडवे धरून तो ते उभ्या पाकिटात सारत होता, ते जात नव्हते, तो बाहेर काढून पुन्हा तसेच सारत होता. त्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता, घाई नव्हती. काही चुकते आहे हे त्याला कळतच नव्हते. पुढचा कंट्रोल किती अंतरावर आहे आणि किती वाजता बंद होणार, असे मी विचारले. त्याने दोन्ही आकडे बरोबर सांगितले, पण ताशी किती वेगाने जावे लागेल या प्रश्नावर तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, “जमेल.” पाय धडधाकट होते, श्वास शांत होता, आणि त्याला विचारले असते तर आपण ठणठणीत आहोत असे त्याने शपथेवर सांगितले असते. आम्ही त्याला सतरंजीवर आडवे केले आणि ४० मिनिटांनी उठवण्याचे कबूल केले. उठल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही की आपण इथे कसे पोहोचलो, कारण आधीचे वीसेक किलोमीटर त्याला आठवत नव्हते. त्या वीस किलोमीटरमध्ये एक लांब उतार होता.

धोका नेमका इथे असतो. गुडघा दुखतो तेव्हा दुखणे जाणवते. भूक, तहान आणि थंडी जाणवतात. झोपेचे मात्र उलट आहे, कारण आपली अवस्था जोखणारा मेंदूच आधी मंदावतो आणि बारीक डुलकी येऊन गेली तरी येऊन गेल्याचे कळत नाही. झोपेअभावी भास होणे लांब शर्यतींत इतके नेहमीचे आहे की स्वार ते आपापसांत गंमत म्हणून सांगतात. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पाच वेळा एकट्याने जिंकणारे स्लोव्हेनियाचे यूरे रोबिच यांना शर्यतीत आपल्यामागे बंदुका घेतलेले घोडेस्वार लागल्याचे भास झाले होते. रोबिच यांच्या वेडाच्या कथा आवडीने सांगितल्या जातात. त्या सांगताना त्यांच्या चमूची व्यवस्था मात्र गाळली जाते. काही काळानंतर आपली निर्णयशक्ती जाणार हे त्यांना आधीच माहीत होते, म्हणून शर्यतीतील निर्णय त्यांच्या मागच्या गाडीतील सहकारी घेत असत. रोबिच यांचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते या गोष्टीचे. स्वतःवरचा विश्वास कुठे संपतो हे त्यांनी शुद्धीत असताना ठरवून ठेवले होते.

या खेळाच्या इतिहासात वृत्तपत्रांचा वाटा मोठा आहे, म्हणूनही हे पत्र आपल्याकडे पाठवणे मला योग्य वाटले. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मध्ये सुरू केली ती ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राचे संपादक पियेर जिफार यांनी. शार्ल तेराँ यांनी ती जवळपास ७१ तासांत, झोप न घेता जिंकली, आणि त्यांच्या जागरणाच्या वर्णनाने वाचक थक्क झाले. त्याच काळात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती भरत. स्वार एकटाच दिवसरात्र गोल फिरत राही, आणि तिकीट काढून आलेले लोक त्याला झोपेने झोकांड्या खाताना, बरळताना, कोसळताना पाहत. याविरुद्ध वृत्तपत्रांतूनही टीका झाली आणि १८९० चे दशक संपता संपता न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला की एका माणसाने दिवसात १२ तासांहून अधिक शर्यत चालवू नये. आयोजकांनी त्यावर दोघांचे संघ बनवण्याचा तोडगा काढला, आणि एकाने चालवताना दुसऱ्याने विसावण्याची ती पद्धत पुढे ‘मॅडिसन’ या नावाने ऑलिंपिकपर्यंत पोहोचली. सक्तीच्या विश्रांतीमुळे खेळ मेला नाही, उलट त्यातून एक नवा आणि देखणा प्रकार जन्माला आला. वृत्तपत्रे जागरणाचे गोडवे गाऊ शकतात आणि त्याच्या अतिरेकाला आळाही घालू शकतात, याचा हा जुना दाखला आहे.

अपघातांबद्दल बोलताना न्याय्य असणे आवश्यक आहे. माइक हॉल हे २०१३ मध्ये ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ ही युरोप ओलांडणारी शर्यत सुरू करणारे इंग्लिश स्वार. ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातील ‘इंडियन पॅसिफिक व्हील रेस’मध्ये कॅनबेराजवळ पहाटेच्या अंधारात मोटारीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. रोबिच २०१० मध्ये शर्यतीत नव्हे, तर घराजवळच्या डोंगरी रस्त्यावर सराव करताना मोटारीशी टक्कर होऊन गेले. या दोघांचा मृत्यू झोपेमुळे झाला असे मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला सर्वांत मोठा धोका वाहनांचा आहे, हे सत्य कितीही विश्रांती घेतली तरी बदलत नाही. पण वाहनाच्या चुकीपासून वाचण्यासाठी आपल्या हाती जे एक-दोन सेकंद असतात, ते झोपेने गुंगलेल्या माणसाकडे नसतात. जागेपणी कडेला घेतलेले हँडल आणि गुंगीत रस्त्याच्या मध्याकडे सरकलेले हँडल यांत किती अंतर असते हे ज्याने मागून येणाऱ्या स्वाराचा दिवा हळूहळू भरकटताना पाहिला आहे, त्याला सांगावे लागत नाही.

विश्रांती घेणारे मागे पडतात, हा समजही तपासून घ्यावा असा आहे. २०१९ च्या ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’मध्ये जर्मनीच्या फिओना कोल्बिंगर या २४ वर्षांच्या तरुणीने बल्गेरियातील बुर्गासपासून फ्रान्समधील ब्रेस्टपर्यंतचे सुमारे ४,००० किलोमीटर १० दिवस २ तास ४८ मिनिटांत कापले आणि सर्व पुरुषांना मागे टाकून ती शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. रोज रात्री काही तास झोपणे हा तिच्या योजनेचा भाग होता, आणि वाटेतील एका चेकपॉइंटवर ती पियानो वाजवत बसलेली लोकांनी पाहिली. मार्क ब्यूमाँट यांनी २०१७ मध्ये ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांत सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांचा दिवस चार-चार तासांच्या चार टप्प्यांत बांधलेला होता आणि रात्रीची साधारण पाच तासांची झोप त्यात ठरलेली होती. ७८ दिवस रोज १६ तास सायकल चालवणाऱ्या माणसालाही झोपेची जागा आधी आखून ठेवावी लागली. ब्रेव्हेच्या मुदतीतसुद्धा हाच विचार दडलेला आहे. ६०० किलोमीटर ताशी सरासरी २० किलोमीटरने कापले तर ३० तास लागतात आणि १० तास हाती उरतात. खाणे, पंक्चर आणि वाट चुकणे यांत काही गेले तरी तीन-चार तास आडवे होता येते. जो त्या तासांत झोपत नाही, तो बहुतेक वेळा मुदतीपेक्षा कितीतरी आधी पोहोचण्यासाठी झोपत नाही, आणि लवकर पोहोचणाऱ्याला ब्रेव्हेत काहीही जास्त मिळत नाही.

आणि सोडून देणाऱ्यांचे काय? ज्या श्ट्रासर यांचा वर उल्लेख केला, त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सहा वेळा जिंकली आहे. पण २००९ मध्ये पहिल्याच प्रयत्नात आणि पुन्हा २०१५ मध्ये, म्हणजे विक्रमाच्या पुढच्याच वर्षी, फुप्फुसांच्या त्रासामुळे त्यांना ती अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर ते परत आले आणि २०१७, २०१८ व २०१९ अशी ओळीने तीन वर्षे जिंकले. २०१५ मध्ये फुप्फुसे साथ देत नसताना जिद्दीला पेटून ते पुढे गेले असते, तर पुढची तीन वर्षे आली असती की नाही कोण जाणे. निकालाच्या यादीत अशा राइडपुढे ‘डीएनएफ’ (डिड नॉट फिनिश, म्हणजे पूर्ण केली नाही) ही तीन अक्षरे येतात, आणि ती पुसली जावीत म्हणून माणसे किती टोकाला जातात हे मी पाहिले आहे. माझ्या मते त्या तीन अक्षरांमागे कित्येकदा संपूर्ण राइडमधला सर्वांत शहाणा निर्णय असतो.

हा निर्णय रस्त्यावर घ्यायचा म्हटले तर तो घेतला जात नाही, कारण तोवर घेणारा शुद्धीवर राहिलेला नसतो. म्हणून तो घरून निघताना घ्यावा, असे मी नव्या स्वारांना नेहमी सांगतो. कोणत्या खुणा दिसल्या की लगेच थांबायचे हे कागदावर लिहावे: रस्त्याचा एखादा तुकडा आठवेनासा झाला, सोपी बेरीज जमेनाशी झाली, सायकल आपोआप एका बाजूला जाऊ लागली, किंवा थंडी नसताना कापरे भरले. तो कागद सोबतच्या स्वाराला किंवा घरच्या एखाद्या व्यक्तीला द्यावा, आणि तिने फोनवर ‘थांब’ म्हटले तर वाद न घालता थांबायचे असा शब्दही द्यावा. एकदा दिलेला असा शब्द पहाटे चार वाजता आपल्या निश्चयापेक्षा जास्त भरवशाचा ठरतो. आयोजकांनी कंट्रोलवर पाणी आणि खाणे असते तशी आडवे होण्याची जागाही ठेवावी, ती आधी जाहीर करावी आणि कोणाला संशयास्पद अवस्थेत पुढे जाऊ न देण्याचा अधिकार स्वयंसेवकांना लेखी द्यावा. आज हा अधिकार बऱ्याच ठिकाणी केवळ विनवणीच्या रूपात असतो, आणि झोपेने बधिर झालेल्या माणसाला विनवणी ऐकू येत नाही.

घरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. स्वार कुठे आहे हे फोनच्या नकाशावर दाखवणाऱ्या ठिपक्याचा माग काढत रात्रभर बसलेल्या आई, पत्नी, पती, मुलगा यांना ठिपका थांबला की काळजी वाटते, हे स्वाभाविक आहे. पण पाच मिनिटांनी ‘का थांबलास, चल, थोडेच राहिले’ असा संदेश प्रेमापोटी पाठवला जातो, आणि नुकताच डोळा लागलेला माणूस खडबडून उठतो. ठिपका रात्री दोन तास एका जागी असेल, तर ती राइडमधली सर्वांत चांगली बातमी असू शकते, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवले पाहिजे.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राने या खेळाला जागा द्यावी आणि ती वाढवावी, असेच मला वाटते, कारण स्वतःच्या बळावर शेकडो किलोमीटर जाणारी सामान्य नोकरदार, गृहिणी, शिक्षक, निवृत्त माणसे हे खरोखर कौतुकाचे विषय आहेत. विनंती एवढीच की यापुढे अशी बातमी छापताना वार्ताहराने अंतर आणि वेळ यांच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: वाटेत किती झोप घेतली, आणि पुढे न जाण्याचा विचार कुठे केला? मथळ्यातून ‘न झोपता’ हे शब्द गाळावेत. आणि पुढच्या वेळी मोठी ब्रेव्हे पार पडेल तेव्हा ती पूर्ण करणाऱ्यांसोबत ती अर्ध्यात सोडणाऱ्या एखाद्या स्वाराची मुलाखतही घ्यावी. तो नकार देईल अशी शक्यता आहे, कारण त्याला अजून वाईट वाटत असेल. तेव्हा त्याला सांगावे की त्याच्या निर्णयाविषयी इतरांना कळणे आवश्यक आहे, आणि त्याच्या छायाचित्रालाही विजेत्याच्या छायाचित्राइतकीच जागा दिली जाईल.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक